ससून, फ्लोरा

ससून, फ्लोरा : (१८५९–१४ जानेवारी १९३६). मुंबईतील बगदादी ज्यू समाजातील व्यापारी, दानशूर आणि हिब्रू धर्मग्रंथांच्या व्यासंगी. मूळ नाव फरहा. माहेरचे आडनाव गब्बाय. आई अझीझा ही अल्बर्ट (अब्दुल्ला) ससून यांची कन्या. म्हणजे घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून हे फ्लोरांचे पणजोबा. १८७६ मध्ये त्यांचे लग्न झाले ते या डेव्हिड यांच्याच धाकट्या मुलाशी, सॉलोमनशी. नात्याने नवरा आजोबांचा सावत्र भाऊ. पैसा आणि धर्म दोन्ही घरातच राहावेत म्हणून बगदादी व्यापारी घराण्यांत अशी लग्ने सर्रास होत. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

मराठी वाचकाला ‘ससून’ म्हटले की पुण्याचे रुग्णालय, कुलाब्याची गोदी आणि काळा घोड्याजवळचे वाचनालय आठवते. यांतले एकही फ्लोरांचे नव्हे. रुग्णालय व वाचनालय डेव्हिड यांच्या देणगीचे, गोदी अल्बर्ट यांची (१८७५). दुसरा नेहमीचा घोटाळा पेढ्यांचा. १८६७ मध्ये एलियास डेव्हिड ससून यांनी वेगळी पेढी काढली. गिरण्यांमुळे गाजलेले जेकब ससून त्या शाखेचे. फ्लोरांनी चालवली ती मूळची ‘डेव्हिड ससून आणि कंपनी’. बगदादी ज्यू आणि कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल हेही एक नव्हेत: बगदाद्यांची घरची भाषा अरबी, आणि ती ते हिब्रू लिपीत लिहीत. पेढीचा आपसातला पत्रव्यवहारही त्याच लिपीत चाले, त्यामुळे बाहेरच्या माणसाला भाव कळणे अवघडच. शनिवारी, शब्बाथला (ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी), पेढी बंद असे.

१८९४ मध्ये सॉलोमन वारले आणि मुंबईचा कारभार फ्लोरांनी हाती घेतला. काळ वाईट होता. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या होत्या, म्हणजे लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे थांबवले होते. चीनमधला व्यवहार चांदीत होई. रुपया मात्र आता चांदीच्या भावाने चालेना. चांदी घसरत गेली तसे शांघायला सूत विकून आलेल्या चांदीचे मुंबईत रुपये कमी होऊ लागले. दुसरा मोठा माल माळव्याची अफू. तिची एक पेटी सुमारे ६३ किलोची. ब्रिटिश सरकारने नेमलेला अफू आयोग (१८९३–९५) त्याच सुमारास चौकशी करत होता. फ्लोरांच्या दानधर्मावर लिहिताना हा अफूचा पैसा वगळण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना माणसे मिळेनात. ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करू लागले. मांसाच्या सारात जंतू कित्येक आठवडे वाढवायचे, पृष्ठभागावर तुपाचे वा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्यांना धरून जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात, मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी कृती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. माणसाला मग ताप येई, दंड सुजे. रोजंदारीवाल्याचे एक-दोन दिवस बुडत. त्यात अफवा, आणि प्लेग अधिकाऱ्यांच्या घरझडत्यांनी आधीच बिथरलेली माणसे. बाया तर परक्या पुरुषापुढे दंड उघडा करायलाच तयार नसत. सरकारी पत्रकांनी हे सुटण्यासारखे नव्हते. फ्लोरांनी हाफकिन यांची लस जाहीरपणे टोचून घेतली आणि हिंदू व मुसलमान कुटुंबांत आपले वजन खर्ची घातले. इस्माइली मुसलमानांचे धर्मप्रमुख असलेल्या तरुण आगाखानांनीही तेच केले; शिवाय खुश्रू लॉज ही आपली इमारत प्रयोगशाळेला दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

१९०१ मध्ये भागीदारी संपवून पेढी मर्यादित कंपनी झाली. कारभाराची सूत्रे लंडनच्या पुरुष नातलगांकडे राहिली आणि फ्लोरा मुलांसह इंग्लंडला गेल्या. सात वर्षे पेढी सांभाळलेल्या बाईला नव्या रचनेत जागा उरली नाही, असेच म्हणावे लागते.

लंडनला ब्रूटन स्ट्रीटवरचे त्यांचे घर विद्वानांचा अड्डा बनले. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या भाषा त्यांना येत. प्रवासात धर्मविधीप्रमाणे पशू कापणारा शोखेत सोबत असे, शिवाय दहा पुरुष; कारण दहा प्रौढ पुरुषांशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. धर्म पाळताना कुठे अडू नये म्हणून अख्खे प्रार्थनामंडळच सोबत नेण्याची ही व्यापारी रीत! १९२४ मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) घडवणाऱ्या लंडनच्या ज्यूज कॉलेजात वार्षिक समारंभाला अध्यक्ष म्हणून बोलण्याचा मान त्यांना मिळाला. तोवर तो स्त्रीला मिळाला नव्हता. तोरेचे (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचे) मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यावरचा त्यांचा निबंध १९३० मध्ये छापला गेला.

मुलगा डेव्हिड सॉलोमन (१८८०–१९४२) याने हजाराहून अधिक हिब्रू हस्तलिखिते जमवली. त्यांची सूची १९३२ मध्ये निघाली. तिचे नाव ‘ओहेल दाविद’, म्हणजे दाविदाचा तंबू. फ्लोरांचे पणजोबा डेव्हिड यांची समाधी असलेल्या पुण्याच्या सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनास्थळाचे), लोकांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ असलेल्या वास्तूचे, नावही हेच आहे.