पीम्स : टेक्सासमधील विद्यार्थी-माहितीची नोंद

पीम्स : अमेरिकेतील टेक्सास राज्यात सरकारी शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांची, कर्मचाऱ्यांची आणि जमाखर्चाची माहिती राज्याला कळवण्याची सक्तीची व्यवस्था. ‘पब्लिक एज्युकेशन इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला. १९८४ च्या मोठ्या शिक्षणसुधारणा कायद्यानंतर शाळांकडून येणाऱ्या निरनिराळ्या कागदी तक्त्यांच्या जागी एकच माहितीसाठा उभा करण्याचे ठरले आणि १९८७ च्या शरद ऋतूपासून माहिती गोळा होऊ लागली. राज्यात एक हजाराहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट आणि सुमारे ५५ लाख विद्यार्थी आहेत. या सगळ्यांची माहिती ऑस्टिन येथील टेक्सास एज्युकेशन एजन्सीकडे (टीईए) जाते.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. ती शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचे मंडळ लोक निवडून देतात, तिला स्वतःचा मालमत्ता कर असतो आणि कारभार सुपरिंटेंडंट पाहतो. ह्यूस्टनचा डिस्ट्रिक्ट दीड लाखाहून जास्त मुलांचा, तर पश्चिमेकडे एकाच इमारतीत सगळे वर्ग भरणारे डिस्ट्रिक्टही आहेत. लहान डिस्ट्रिक्टांना स्वतःचा माहिती विभाग परवडत नाही. त्यांच्या मदतीला राज्यात २० विभागीय सेवा केंद्रे आहेत.

पीम्सच्या आकड्यांवर दोन गोष्टी ठरतात : अनुदान आणि शाळेची श्रेणी. जी संस्था आकडा देते तिलाच त्या आकड्यावर पैसा आणि शेरा मिळतो. या व्यवस्थेतले बहुतेक नियम आणि बहुतेक घोटाळे याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

वर्षाचे वेळापत्रक : माहिती वर्षातून चार वेळा सादर होते. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा हप्ता शरद ऋतूतला. त्यासाठी ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार हा दिवस मुक्रर आहे. त्याला स्नॅपशॉटचा दिवस म्हणतात. त्या दिवशी जो विद्यार्थी ज्या शाळेच्या पटावर, तो त्या शाळेचा. वसंत ऋतूतल्या परीक्षेत त्याला मिळालेले गुण शाळेच्या श्रेणीत धरायचे की नाही, हेही याच दिवसावर ठरते. नोव्हेंबरात नव्याने आलेल्या मुलाचे गुण त्या शाळेच्या खाती जमा होत नाहीत. हिवाळ्यातल्या हप्त्यात प्रत्यक्ष खर्चाचे हिशेब जातात. उन्हाळ्यातल्या हप्त्यात वर्षभराची हजेरी, पूर्ण केलेले विषय आणि शिस्तभंगाच्या कारवाया असतात. चौथा हप्ता सुटीतल्या वर्गांपुरता असतो.

टेक्सासात अनुदान नुसत्या पटावर मिळत नाही, ते सरासरी दैनिक हजेरीवर मिळते. वर्षभरातले हजर दिवस एकत्र करून त्यांना शाळा भरलेल्या दिवसांनी भागायचे, हे मूळ गणित. हजेरी घेण्याची एक ठरलेली वेळ असते. बहुधा दुसऱ्या किंवा पाचव्या तासाला हजेरी होते. त्या क्षणी वर्गात असलेले मूल पूर्ण दिवस हजर धरले जाते आणि दहा मिनिटे उशिरा आलेले गैरहजर. साहजिकच शाळेच्या दृष्टीने दिवसातल्या त्या पाच मिनिटांना फार किंमत असते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये झालेली पट पडताळणी, बोटाला शाई लावून केलेली मुलांची मोजणी, ज्यांना आठवते त्यांना पटाचा आणि अनुदानाचा हा संबंध समजावून सांगावा लागणार नाही.

आकडा कसा तयार होतो : आकडा मुळात जन्मतो तो शाळेच्या कचेरीत, प्रवेशाच्या खिडकीपाशी. रजिस्ट्रार किंवा अटेंडन्स क्लार्क पालकाने भरून दिलेला अर्ज शाळेच्या संगणकप्रणालीत उतरवतात. घरी कोणती भाषा बोलली जाते, हा त्यातला एक प्रश्न. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, किंवा ह्यूस्टनजवळ केटी, शुगर लँड अशा उपनगरांत राहणारी मराठी कुटुंबेही हा रकाना भरतात. उत्तर इंग्रजीखेरीज दुसरे काही असेल तर मुलाची इंग्रजी चाचणी घ्यावी लागते. त्यात ते कमी पडले तर शिक्षक आणि पालकांची समिती त्याला इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटात घालते. या गटाचे निकाल शाळेच्या मूल्यमापनात वेगळे मोजले जातात आणि त्याच्यासाठी जादा निधीही मिळतो. खिडकीवर एका मिनिटात भरलेला रकाना पुढे कित्येक वर्षे हिशेबात राहतो.

वंशाची नोंद २००९-१० पासून केंद्राच्या नियमाप्रमाणे दोन प्रश्नांत विचारली जाते. पालकाने उत्तर नाकारले तर कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहून ती भरायची असते. एवढ्या काटेकोर व्यवस्थेत हा नियम विचित्र वाटतो, पण रकाना रिकामा ठेवायची मुभा नाही.

प्रत्येक मुलाला राज्यभर एकच दहा अंकी क्रमांक मिळतो. शाळा बदलली तरी क्रमांक तोच राहतो. नावाच्या स्पेलिंगमधला फरक किंवा जन्मतारखेतला एक आकडा चुकला, तर एकाच मुलाला दोन क्रमांक मिळण्याचा धोका असतो. मग जुन्या क्रमांकाचा विद्यार्थी कागदावर शाळेतून नाहीसा होतो. शाळांच्या प्रणालीतली माहिती राज्याकडे जाताना तपासणीचे हजारो नियम तिच्यावर चालवले जातात. ‘फेटल’ प्रकारची चूक निघाली तर सादरीकरण पुढे सरकतच नाही. इतर चुकांबद्दल नुसता इशारा मिळतो आणि त्या डोळ्यांखालून घालून पुढे जाता येते. शेवटी माहिती खरी असल्याची ग्वाही सुपरिंटेंडंट देतो. या तपासणीने रकान्यांतली विसंगती पकडली जाते. सुसंगत खोटे तिला पकडता येत नाही.

सोडून गेलेले विद्यार्थी : वर्गात बसलेले मूल मोजणे सोपे. कठीण असते ते गेलेले मूल. सातवी ते बारावीत गेल्या वर्षी असलेला आणि नव्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरच्या शुक्रवारपर्यंत न परतलेला प्रत्येक विद्यार्थी कुठे गेला, हे डिस्ट्रिक्टला सांगावे लागते. त्यासाठी संकेतांक ठरलेले आहेत. ०१ म्हणजे हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडला, ०३ म्हणजे मृत्यू, १६ म्हणजे कुटुंबासह मायदेशी परतला, ६० म्हणजे घरी शिकतो, ८१ म्हणजे राज्यातल्या खासगी शाळेत गेला, ८२ म्हणजे राज्याबाहेर. यांतले काहीच लागू नसेल, किंवा मूल कुठे गेले ते कळलेच नाही, तर ९८. ९८ म्हणजे गळती.

दर संकेतांकामागे कागद हवा. प्लेनोतले एखादे मराठी कुटुंब पुण्याला परतले, तर पालकाच्या सहीचा दाखलाअर्ज फाइलमध्ये असला पाहिजे. मूल अमेरिकेत जन्मलेले असले तरी १६ चालतो. पालकाने फोनवर सांगितलेलेही चालते, मात्र कर्मचाऱ्याने ते लिहून, सही करून, तारीख घालून ठेवलेले असावे लागते. नव्या शाळेकडून गुणपत्रक मागणारे पत्र आले तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. कागद नसेल, तर मूल पुण्यातल्या शाळेत रोज हजर असले तरी टेक्सासच्या लेखी ते गळतीत जाते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात शाळांचे कर्मचारी जुने फोन नंबर फिरवत, शेजाऱ्यांना विचारत, प्रसंगी दारोदार जात न परतलेल्या मुलांचा माग काढतात.

राज्यातल्याच दुसऱ्या सरकारी शाळेत गेलेल्या मुलाबद्दल मात्र डिस्ट्रिक्टला काही सिद्ध करावे लागत नाही. ते मूल दुसऱ्या पटावर त्याच क्रमांकाने सापडते आणि टीईए स्वतःच जुळणी करते. जो विद्यार्थी कुठल्याच पटावर नाही आणि ज्याचा संकेतांकही कळवलेला नाही, तो ‘अंडररिपोर्टेड’. अशांची संख्या फार झाली तर डिस्ट्रिक्टच्या माहितीचीच चौकशी लागते.

ह्यूस्टन : हे नियम एवढे कडक होण्यामागे ह्यूस्टनचा इतिहास आहे. तिथले सुपरिंटेंडंट रॉड पेज २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांचे शिक्षणमंत्री झाले आणि परीक्षेच्या निकालांवर शाळांना जाब विचारणारा ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा जानेवारी २००२ मध्ये आला. त्याच्या समर्थनासाठी ह्यूस्टनचे उदाहरण देशभर दिले जाई. गुण वाढले होते आणि गळती नगण्य होती. २००३ मध्ये शार्पस्टाउन हायस्कूलचे सहमुख्याध्यापक रॉबर्ट किंबल यांनी प्रश्न उपस्थित केला. गरीब वस्तीतल्या या मोठ्या शाळेने २००१-०२ साठी गळती शून्य दाखवली होती, आणि शाळा सोडून गेलेली मुले शेकडो होती. राज्याने ह्यूस्टनच्या १६ शाळांची तपासणी केली. सोडून गेलेल्या सुमारे ५,५०० विद्यार्थ्यांपैकी जवळपास ३,००० जणांना गळतीत धरायला हवे होते, असे आढळले. दुसऱ्या शाळेत गेला, परत येणार आहे, अशा संकेतांकांखाली मुले लपली होती आणि फाइलमध्ये पुरावा नव्हता.

२००३ मध्येच विधिमंडळाने गळतीची केंद्रीय व्याख्या स्वीकारायला लावली. २००५-०६ पासून ती लागू झाली आणि राज्याचा गळतीचा आकडा एकदम चढला. मुले तेवढीच गळत होती, मोजदाद बदलली होती.

एल पासो : कागद पुरे असले तरी काय होऊ शकते, ते मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोत दिसले. तिथे मूल्यमापन दहावीच्या परीक्षेवर होत असे. सुपरिंटेंडंट लोरेंझो गार्सिया यांच्या काळात इंग्रजीत कच्ची, मेक्सिकोतून आलेली मुले दहावीत नोंदलीच जाणार नाहीत अशी तजवीज झाली. काहींना नववीत ठेवले, काहींना एकदम अकरावीत ढकलले, तर काहींना शाळा सोडायला लावली. स्थानिक लोक त्यांना स्पॅनिशमध्ये ‘लोस देसापारेसिदोस’, म्हणजे बेपत्ता झालेले, म्हणू लागले. माजी राज्य सिनेटर एलियट शॅपली यांनी तक्रार केली. टीईएला आधी त्यात गैर काही आढळले नाही. नववी, अकरावी हे सगळे रकाने वैधच होते. पण इयत्तावार पट टीईएच्याच साठ्यात होता आणि दहावीचा वर्ग नववीच्या मानाने किती रोडावतो ते त्यातून दिसत होते. अखेर प्रकरण एफबीआयकडे गेले. गार्सिया यांनी २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला, त्यांना साडेतीन वर्षांचा तुरुंगवास झाला आणि निवडून आलेल्या मंडळाच्या जागी राज्याने आपले व्यवस्थापक नेमले.

खुद्द राज्याची चूक : दोष नेहमी शाळेकडेच असतो असे नाही. २००४ मध्ये टीईएने एक निकष आणला : अपंगत्वामुळे किंवा शिकण्यातल्या अडचणींमुळे विशेष शिक्षण घेणारी मुले एकूण पटाच्या ८.५ टक्क्यांवर गेली की डिस्ट्रिक्टला प्रतिकूल गुण. त्या वेळी प्रमाण १२ टक्क्यांच्या जवळ होते. पुढच्या दशकभरात ते उतरत उतरत जवळपास त्याच आकड्यावर आले. देशाची सरासरी १३ टक्क्यांच्या आसपासच राहिली. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या दैनिकाने ही गोष्ट उजेडात आणली, २०१७ मध्ये विधिमंडळाने निकष रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. इथे माहिती खोटी नव्हती. मुलांची तपासणीच टाळली गेली, मग नोंद करण्याजोगे काही उरले नाही. ही बाब मला ह्यूस्टनपेक्षाही गंभीर वाटते, कारण ती कुठल्याही लेखापरीक्षणात दिसली नसती.

आजची श्रेणीपद्धत : २०१८ पासून डिस्ट्रिक्टांना आणि २०१९ पासून शाळांना ए ते एफ अशा श्रेणी मिळतात. विद्यार्थ्यांची कामगिरी, त्यांची प्रगती आणि निरनिराळ्या गटांमधली दरी भरून काढणे, अशी तीन अंगे त्यात आहेत. एखादी शाळा सलग पाच वर्षे नापास ठरली, तर ती बंद होऊ शकते किंवा संपूर्ण डिस्ट्रिक्टचे मंडळ बरखास्त होऊ शकते. ह्यूस्टनचे मंडळ २०२३ मध्ये असेच बरखास्त झाले. २०२३ च्या श्रेणी निकष बदलल्याच्या वादात न्यायालयात अडकल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

हायस्कूलच्या श्रेणीत मूल पुढच्या आयुष्याला तयार झाले का, हेही पाहतात. सैन्यात भरती होणे हा त्यातला एक पर्याय होता. २०१७ आणि २०१८ च्या विद्यार्थ्यांबाबत शाळांनी कळवलेल्या भरतीची केंद्रीय संरक्षण खात्याच्या आकड्यांशी तुलना केली, तेव्हा दोन्ही जुळेनात. त्यावर टीईएने, माहिती थेट सैन्यदलांकडून मिळेपर्यंत, ही बाबच हिशेबातून काढून टाकली. पुढे भरतीचा प्रत्यक्ष करारपत्रक-नमुना पुरावा म्हणून मागितला गेला. शाळांना आणखी सूचना देण्यापेक्षा तीच गोष्ट ज्याला स्वतंत्रपणे माहीत आहे अशा दुसऱ्याला विचारणे, हा उपाय आधी राज्यातल्या राज्यात शाळा बदललेल्या मुलांच्या बाबतीत लागू पडला होता, तसाच इथेही पडला.

२०२४-२५ पासून शाळांच्या प्रणालीतली माहिती राज्याच्या साठ्यात फाइल न पाठवता सतत वाहत राहते आणि ठरलेल्या तारखांना डिस्ट्रिक्ट ती तपासून पक्की करते. चुका आता लवकर दिसतात. घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र यामुळे काही बदलत नाही. १९९४ च्या एका निकालात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने घरशिक्षणाला खासगी शाळेसारखी मान्यता दिली. अशा मुलांनी राज्याकडे नाव नोंदवण्याची गरज नाही, त्यांची परीक्षाही होत नाही. त्यामुळे ६० या संकेतांकाची दुसरीकडे जुळणी करून पाहावी अशी यादी राज्याकडे नाही. गळती या संकेतांकाखाली झाकली जाते, हा संशय दर काही वर्षांनी पुन्हा वर येतो. त्यावर शाळा दाखवू शकते ती पालकाची सही किंवा फोनवरच्या बोलण्याची नोंद.