तीन शब्दांमधले स्वल्पविराम

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाची पत्रिका धाकट्या भावानं छापून आणली. फोटोखाली ओळ आहे : ‘कष्टाळू, कलाप्रेमी, कुटुंबवत्सल’. तिन्ही शब्द खरे. मला खटकले ते मधले स्वल्पविराम. जणू नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये राबणारा एक माणूस, पेटी वाजवणारा दुसरा आणि आम्हा चौघा भावंडांना वाढवणारा तिसरा. नातवंडांचा तसा समज होऊ नये म्हणून ही मागची हकीकत.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि विदर्भातला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. जमशेटजी टाटांनी उलटा विचार केला : कापूस पिकतो तिथंच सूत का कातू नये? १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन तिथं भराव टाकला. (जुम्मा म्हणजे शुक्रवार, तोच शुक्रवारी तलाव आणि तोच आजचा गांधीसागर.) जमिनीत सोनं पुरायला निघालेल्या माणसाला पैसे कसे द्यायचे, म्हणून एका सावकारानं हात आखडता घेतला, असं सांगतात. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली. म्हणून एम्प्रेस. व्यवस्थापक नेमले बेझनजी मेहता. ते आधी रेल्वेत होते, कापडधंद्यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. उत्तर नागपुरातलं बेझनबाग त्यांच्याच नावाचं.

खेड्यातून आलेल्या माणसाला भोंग्याची सवय नव्हती. पेरणी आली, लग्न निघालं की तो गावाकडं पसार. त्याला टिकवायला मिलनं बक्षीस समारंभ सुरू केले, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. आमचे आजोबा असेच आले आणि राहिले. गावात वेठबिगार होती, इथं पगाराचा दिवस ठरलेला. अस्पृश्य म्हणून जगलेल्या माणसाला त्या ठरलेल्या दिवसाची किंमत काय होती, हे आम्हाला उशिरा कळलं. मात्र गिरणी म्हणजे स्वर्ग नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचं दार या लोकांना बंदच असे, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडानं ओढावा लागे. उष्ट्याचा विटाळ! बाबाही आयुष्यभर कताईतच होते.

याच वस्त्यांमध्ये पेटी आली. आधी भजनमंडळं होती, चोखोबाच्या अभंगांची. दलित पुढारी किसन फागू बनसोडे यांनी चोखोबाला समाजाचा आवाज केलं, स्वतःचा छापखाना काढला आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ सुरू केली. मजुरी, अभंग आणि चळवळ एकाच माणसाच्या हातात होती, हे लक्षात घ्या. दुसरीकडं सूफी संत ताजुद्दीन बाबांचा दर्गा. ताजुद्दीन बाबा १९२५ मध्ये वारले, तेव्हापासून ताजबागेच्या उर्समध्ये रात्र रात्र कव्वाली रंगते. पुढं भीमगीतांनी कव्वालीचा बाज उचलला, तो काही आकाशातून पडला नाही.

बाबा १९५३ मध्ये मिलमध्ये लागले, एकोणिसाव्या वर्षी. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजीचा हात धरून दीक्षाभूमीवर गेले, पांढऱ्या कपड्यांत. त्यानंतर मंडळ तेच राहिलं, पेटी तीच, ढोलकी तीच, शब्द बदलले. जुन्या चालींवर नवी गाणी बसवायचं काम बाबांकडं आलं, कारण चाल त्यांच्या कानात एकदा शिरली की निघत नसे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून सुरू होतं. शेजाऱ्याच्या रेडिओला भिंतीआडून कान लावून ते शिकले.

पण अडचण पाळीची होती. दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळी आली की मंडळात पेटीला माणूस नाही. यावर बाबांनी जो तोडगा काढला, तो मला त्यांच्या सगळ्या गाण्यांहून मोठा वाटतो : त्यांनी आईला पेटी शिकवली. साठच्या दशकात, पुरुषांच्या मंडळात बाई पेटीवर! लोक बोलले. आईनं पदर खोचला आणि बसली. पुढं माझा नंबर लागला. दुपारी झोपायच्या वेळेत ते शिकवत, डोळे तांबारलेले, बोटांना तेलाचा वास. मी अडखळले की म्हणायचे, ‘‘काहून थांबली बे? सूर चुकला तं चुकला, भाता सोडू नको.’’

१९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली. बाबा १९९२ मध्ये निवृत्त झाले. २००२ मध्ये मिल बंद पडली, आता त्या जागेवर मॉल आहे. बाबा एकदाच आत गेले, नातवाबरोबर, आणि सरकत्या जिन्यापाशी उभं राहून आपलं खातं कुठं होतं याचा अंदाज घेत बसले.

पेटी आता विहारातल्या मुलांना द्यायची आहे. परवा दुरुस्तीला नेली. कारागिरानं भाता उघडला तर आत जागोजागी मांजरपाटाचे तुकडे खळीनं चिकटवलेले. मिलचंच कापड, बाबांचंच काम. काढून नवं लावू का, त्यानं विचारलं. मग स्वतःच दोनदा भाता दाबून पाहिला आणि म्हणाला, हवा धरते अजून, राहू द्या.