गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर: नावाआड राहिलेले वॅट

गेम खेळण्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेलेला ग्राहक दुकानात बहुधा ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ हेच, म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे नावच, आधी विचारतो. प्रोसेसरला किती वीज मिळते आणि तिची उष्णता बाहेर कशी टाकली जाते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्या नावात कोठेच दिसत नाही. नाव आणि कामगिरी यांची ही फारकत गेल्या वीसेक वर्षांत टप्प्याटप्प्याने झाली.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंटेलचा सारा भर गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरची गती, वाढवण्यावर होता. डेस्कटॉपच्या पेटीत खपून जाणारी पेंटियम ४ या तिच्या तेव्हाच्या प्रोसेसरची उष्णता लॅपटॉपमध्ये मावत नसे. तरीही काही कंपन्या तोच प्रोसेसर जाडजूड लॅपटॉपमध्ये बसवत, आणि असे यंत्र मांडीवर घेण्याच्या लायकीचे उरत नसे. मार्च २००३ मध्ये आलेल्या पेंटियम एम या खास लॅपटॉपच्या प्रोसेसरने ही दिशा बदलली. इंटेलच्या हैफा, इस्राएल येथील अभियंत्यांनी जुन्या पेंटियम ३ च्या घराण्यातील रचना सुधारून आणि तिला १ मेगाबाइट कॅशची (प्रोसेसरमधल्याच जलद स्मृतीची) जोड देऊन तो घडवला होता. त्यातील १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साधारण २५ वॅटमध्ये चाले, आणि तरीही बरेच जास्त गिगाहर्ट्झ मिरवणाऱ्या पेंटियम ४ पुढे तो गेममध्ये टिकाव धरी. २००५ मध्ये असूसने तो डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवता यावा म्हणून सीटी-४७९ हा अ‍ॅडाप्टर बाजारात आणला.

कोअर आय७ हे नाव डेस्कटॉपवर २००८ मध्ये आले आणि लॅपटॉपवर सप्टेंबर २००९ मध्ये. त्या पहिल्या फळीतील आय७-७२०क्यूएममध्ये चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते, विजेची मर्यादा ४५ वॅटची होती आणि गती १.६ ते २.८ गिगाहर्ट्झ अशी बदलती होती. म्हणजे गती सांगायला आता एक आकडा पुरेनासा झाला. पुढे पातळ लॅपटॉपची लाट आली आणि त्यांच्यासाठीच्या १५ वॅटच्या, दोनच कोअर असलेल्या प्रोसेसरांनाही तेच नाव चिकटवले गेले. २०१७ मध्ये दोन कोअरचा आय७-७५००यू आणि चार कोअरचा, ४५ वॅटचा आय५-७३००एचक्यू एकाच वेळी बाजारात होते. गेमसाठी यांतला दुसराच योग्य होता, पण मान पहिल्याच्या नावाला होता.

त्याआधी बरीच वर्षे दोन कोअरवर भागत होते, कारण बऱ्याच गेमचा मुख्य भार एक-दोन थ्रेडवरच, म्हणजे कामाच्या एक-दोन धाग्यांवरच पडे. २०१३ चे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे गेम कन्सोल आठ मंदगती कोअर घेऊन आले, तेव्हा गेम बनवणाऱ्यांना काम वाटून देणे भाग पडले. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांची स्पर्धा सुरू झाल्यावर इंटेलनेही हात सैल सोडला आणि एप्रिल २०१८ मध्ये आय७-८७५०एचमधून सहा कोअर दिले. लॅपटॉपसाठीच्या २०२० च्या रायझन ४००० मालिकेत आठ कोअरपर्यंत मजल गेली खरी, पण तिची ८ मेगाबाइट एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅश चार-चार मेगाबाइटच्या दोन भागांत विभागलेली होती, आणि सतत माहिती मागणाऱ्या गेमला नेमकी हीच बाजू नडे. पुढच्याच वर्षी रायझन ५००० मालिकेतल्या गेमिंगच्या बहुतेक प्रोसेसरांत ती १६ मेगाबाइटची आणि सलग झाली.

२०२२ च्या आय७-१२७००एचमध्ये सहा वेगवान आणि आठ काटकसरी असे चौदा कोअर आहेत. त्याची मूळ मर्यादा ४५ वॅट, तर कमाल ११५ वॅट. एवढ्या अंतरात कोठे थांबायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. शिवाय बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता त्याच नळ्या आणि पंखे वाहून नेतात. त्यामुळे हाच प्रोसेसर एका लॅपटॉपमध्ये दुसऱ्यापेक्षा बराच मंद भासू शकतो.

एएमडीनेही २०२३ च्या मालिकेत गोंधळात भर घातली. रायझन ५ ७५२०यू हा झेन २, रायझन ७ ७७३५एचएस हा झेन ३+ आणि रायझन ७ ७८४०एचएस हा झेन ४ रचनेवर आधारलेला आहे; झेन हे एएमडीच्या कोअरच्या रचनेचे नाव, आणि त्यापुढचा आकडा तिची पिढी सांगतो. चार आकड्यांतला सुरुवातीचा सात तिन्हींना सारखाच, खरी पिढी मात्र तिसऱ्या आकड्यात.