आपद्ग्रस्तांची दीर्घकालीन आरोग्यदेखरेख

अणुस्फोट, विषारी वायूची गळती, अणुभट्टीतला अपघात, इमारती कोसळणे अशा मोठ्या आपत्तीत सापडलेल्या माणसांची नावनिशीवार नोंद ठेवून त्यांची प्रकृती वर्षानुवर्षे, प्रसंगी आयुष्यभर, ठरावीक काळाने तपासत राहण्याची व्यवस्था. जखमींवरचे तातडीचे उपचार यात मोडत नाहीत, आणि एकदाच भरवलेले तपासणी शिबिरही नाही. शिबिरात माणूस आज कसा आहे एवढेच कळते; देखरेखीत तोच माणूस त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा तपासला जातो.

गरज पडते ती रोगांच्या संथ चालीमुळे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांत रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढलेला दिसला; फुप्फुस, जठर, स्तन यांचे कर्करोग मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी डोके वर काढू लागले. चेर्नोबिलच्या अपघातानंतर (एप्रिल १९८६) किरणोत्सारी आयोडीन मिसळलेले दूध प्यायलेल्या मुलांत थायरॉइडचा कर्करोग वाढल्याचे दिसायलाही चार-पाच वर्षे गेली. तोवर ढिगारे उपसून झालेले असतात, माणसे गावोगाव पांगलेली असतात, आणि आपल्या दुखण्याचा त्या दिवसाशी संबंध आहे हे सिद्ध करण्याचा भार दुखणाऱ्यावरच येऊन पडतो.

म्हणून सारी मदार पहिल्या नोंदणीवर असते. हे काम कंटाळवाणे, आणि मागाहून कितीही पैसा ओतला तरी भरून न येणारे. त्यातला मुख्य प्रश्न साधा असतो : तेव्हा तुम्ही नेमके कुठे होता? हिरोशिमा-नागासाकीतल्या मुलाखतकारांनी वाचलेल्यांच्या घरांचे आराखडे कागदावर उतरवून घेतले. घर लाकडी की काँक्रीटचे, माणूस कोणत्या खोलीत होता, उभा की बसलेला, तोंड कोणत्या दिशेला, स्फोटबिंदू आणि त्याच्यामध्ये किती भिंती. अशा तपशिलांवरून प्रत्येकाला किती किरणोत्सार लागला असेल याचा अंदाज बांधला गेला. १९५० च्या जनगणनेच्या आधारे निवडलेल्या सुमारे १,२०,००० जणांचा हा अभ्यास आजही चालू आहे. स्फोटाच्या वेळी शहराबाहेर असलेले हजारो लोकही त्यात मुद्दाम घेतले आहेत; असा तुलनागट नसेल तर वयामुळे आलेले आजार कोणते आणि आपत्तीमुळे आलेले कोणते, हे वेगळे करता येत नाही.

आपत्तीपूर्वीचे मोजमाप हाताशी असणे हे भाग्यच म्हणायचे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात जवानांच्या फुप्फुसांची क्षमता आधीपासून नियमित मोजली जात होती. नळीत जोराने फुंकर मारायची आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्रावर बघायचे, अशी ती चाचणी. ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळल्यावर धुळीत राबलेल्या जवानांचे नवे आकडे जुन्यांशेजारी ठेवले तेव्हा वर्षभरात सरासरी ३७२ मिलिलिटरची घट दिसली. एरवी वयोमानाने तेवढी घट व्हायला सुमारे १२ वर्षे लागतात. या जोडआकड्यांमुळे जवानांचा खोकला ‘मनाचा खेळ’ म्हणून कुणाला झटकता आला नाही.

इटलीतल्या सेवेसो इथे १० जुलै १९७६ रोजी रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन हे विषारी रसायन हवेत पसरले. रक्ताच्या लहानशा नमुन्यातून ते अचूक मोजण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. तरीही स्थानिक डॉक्टरांनी हजारो रहिवाशांचे रक्ताचे नमुने गोठवून जपले. दशकभराने तंत्र आले आणि त्याच नमुन्यांतून कोणाच्या शरीरात किती विष गेले होते ते कळले. १९९६ मध्ये सुरू झालेला तिथल्या स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास याच साठ्यावर उभा आहे. उद्याच्या प्रश्नासाठी आज जपून ठेवण्याची ही दूरदृष्टी फार थोड्या ठिकाणी दिसते.

तपासणीने अपायही होऊ शकतो. मार्च २०११ मधील फुकुशिमा अपघातानंतर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची थायरॉइडची सोनोग्राफी सुरू झाली. पहिल्या फेरीत सुमारे ३ लाख मुले तपासली गेली. अपेक्षेपेक्षा जास्त कर्करोग सापडले, पण बहुतेक तज्ज्ञांच्या मते ते किरणोत्साराचे नसून बारीक तपासणीचे फळ होते : एरवी कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही उजेडात आल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये अणुअपघातानंतर सरसकट सगळ्यांची थायरॉइड तपासणी करू नये, जास्त मात्रा लागलेल्यांवर मात्र दीर्घकाळ लक्ष ठेवण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. फुकुशिमातच घरदार सोडावे लागलेल्यांत मानसिक ताण, वाढलेले वजन आणि मधुमेह ठळकपणे दिसले. ज्या रोगाची भीती त्याच्याचकडे डोळे लावून बसलेली देखरेख असे आजार नजरेआड करते.

सर्वांत दुखरा भाग उपचारांचा. हिरोशिमात १९४७ पासून काम करणाऱ्या अमेरिकी आयोगावर ‘तपासतात, पण औषध देत नाहीत’ असा रोष होता, आणि तो रास्त होता. जपान सरकारने १९५७ च्या कायद्याने बाधितांना आरोग्यपुस्तिका आणि मोफत तपासणी दिली. भोपाळमध्ये ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेपर्यंत मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू वस्त्यांवर पसरत राहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सुमारे ८०,००० बाधितांचा अभ्यास हाती घेतला आणि तो १९९४ मध्ये थांबवला. बाधितांचे वैद्यकीय कागद संगणकावर आणावेत आणि प्रत्येकाच्या हाती आरोग्यपुस्तिका व स्मार्टकार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०१२ मध्ये द्यावा लागला. आपला कागद आपल्यापाशी असणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट : डॉक्टर बदलला, शहर बदलले, तरी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

अमेरिकेत जानेवारी २०११ च्या झॅड्रोगा कायद्याने मनोऱ्यांच्या धुळीत सापडलेले बचावकर्मी आणि रहिवासी यांची देखरेख व उपचार एकाच कार्यक्रमात आणले. त्याची मुदत २०१५ मध्ये वाढवून २०९० पर्यंत नेण्यात आली. २००१ साली त्या भागात पाळण्यात असलेली मुले तोवर नव्वदीला टेकलेली असतील.