आंतरराष्ट्रीय कायद्याचे देशांतर्गत समावेशन

राष्ट्राराष्ट्रांमधील तह, करार व रूढी यांना एखाद्या देशाच्या न्यायालयात आणि कचेरीत कायद्याचे बळ ज्या मार्गांनी मिळते, ते मार्ग. या नोंदीत भारतातील व्यवस्था आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाशी तिचा येणारा संबंध यांवर भर दिला आहे.

आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत कायदे एकाच व्यवस्थेचे घटक आहेत, हा एकत्ववाद (हान्स केल्सेन). त्या स्वतंत्र व्यवस्था आहेत, हा द्वैतवाद (हाइन्रिख ट्रीपेल, १८९९). प्रत्यक्षात कोणताच देश यांपैकी एका मताला पूर्णपणे बांधलेला दिसत नाही.

भारतातील परंपरा इंग्लंडकडून आली. ‘राष्ट्रांचा कायदा हा इंग्लंडच्या कायद्याचाच भाग होय’, या सूत्राचे जनकत्व इंग्रज न्यायाधीश लॉर्ड टॅलबट यांना देतात. ज्या बुव्हो विरुद्ध बार्ब्युइ खटल्यात त्यांनी हे मत मांडले, त्याचे वर्ष कोठे १७३६, तर कोठे १७३७ असे आढळते. सूत्राला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र पुढे १७६४ मध्ये. बुव्हो खटल्यात वकील असलेले मॅन्सफील्ड तोवर न्यायाधीश झाले होते. आपल्याजवळील टिपणाचा हवाला देऊन त्यांनी ते उद्धृत केले आणि इंग्रजी कायद्याचे भाष्यकार ब्लॅकस्टन यांनी ते ग्रंथबद्ध केले. हे सूत्र सर्व आंतरराष्ट्रीय कायद्याला लावण्यापेक्षा रूढींपुरते धरणे अधिक सयुक्तिक वाटते; कारण तहाने प्रजेचे हक्क बदलायचे, तर संसदेचा कायदा लागतो, हे इंग्रजी न्यायालयांनीच पुढे स्पष्ट केले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा व तहांची बंधने यांबद्दल आदर जोपासण्यास सांगितले आहे. पण तो निदेशक तत्त्वांपैकी असल्याने त्याच्या आधारे दावा लावता येत नाही. खरे बळ अनुच्छेद २५३ चे. तहाच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या अखत्यारीतील विषयांवरही कायदा करू शकते. जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की करारावर सही झाल्याने तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. विशाखा खटल्यात (१९९७) मात्र, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नसताना, स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला १९६१ पर्यंत पोर्तुगीज हद्द होती. गोवा भारतात आल्यावर १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबर १९६१ पासून त्याचा समावेश झाला. एका गोमंतकीय धर्मगुरूच्या खटल्यात युद्धकाळातील वागणुकीविषयीच्या जिनीव्हा करारांसाठी केलेल्या १९६० च्या कायद्याचा आधार घेण्यात आला. त्या कायद्याने व्यक्तीला न्यायालयात मागता येईल असा खास हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पोर्तुगालने दादरा व नगर हवेलीसंबंधी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मांडलेला दावा (निकाल १९६०) मराठी वाचकांना विशेष जवळचा आहे. तेथे वाद होता तो पेशवे-पोर्तुगीज यांच्या १७७९ च्या तहाचा. तह वैध मानूनही मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, बारा हजार रुपये उत्पन्नाचा केवळ सरंजाम (महसूल घेण्याचा हक्क) दिला होता, असा अर्थ न्यायालयाने लावला. एका मराठी महसुली शब्दाच्या अर्थावर आंतरराष्ट्रीय निकालाचा एक मोठा भाग उभा राहिला.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न मात्र आंतरराष्ट्रीय नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते संसदेच्या कायद्याने, आणि असा बदल अनुच्छेद ३ खाली साध्या कायद्यानेही होऊ शकतो. प्रदेश परराष्ट्राला द्यायचा, तर घटनादुरुस्ती लागते, असे बेरुबारी हा बंगालमधील प्रदेश पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात (१९६०) सांगितले गेले. ते येथे लागू पडत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही संविधानाच्या चौकटीतलाच आहे.

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांबाबत अनेकदा गल्लत होते. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील अनुच्छेद २७ अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क देतो. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. पण व्यक्तीला थेट आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार करू देणारा पूरक करार स्वीकारला नाही. निपाणीतील पालकाला मराठी शाळेसाठी किंवा खानापुरातील शेतकऱ्याला मराठीत उताऱ्यासाठी जो आधार शोधावा लागतो, तो आधी येथलाच: अनुच्छेद २९, ३० आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० क (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) व ३५० ख (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी). म्हणजे हे संरक्षण त्या करारापेक्षा वयाने मोठे आहे. मराठी कागदपत्रांची मागणी त्यामुळे परकीय आधारावरची ठरत नाही. मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या (१९९३) व्याख्येतून करारांतील हक्क आत येतात, तेही ‘भारतातील न्यायालयांना अंमलात आणता येण्याजोगे’ असतील तेवढेच.

पाणीवाटपात वेगळा मार्ग दिसतो. आंतरराष्ट्रीय नद्यांसाठी १९६६ मध्ये तयार झालेले हेलसिंकी नियम तहही नव्हेत. तरीही कावेरीच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्याय्य वाटपासाठी त्यांचा आधार घेतला. खानापूर तालुक्यातून वाहणाऱ्या म्हादईच्या वादात लवादाचा निवाडा त्याच वर्षी आला. त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले.