विमानतळाचे जुने कॉम्प्युटर, नवे कॉम्प्युटर आणि मधला सांधा

६ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळावरची एक सिस्टीम बिघडली आणि ती पुन्हा नीट चालू होईपर्यंत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली, तोवर ८०० च्या वर फ्लाइट लेट झाल्या होत्या आणि त्याचा फटका मुंबईपर्यंत बसला होता. बिघाड रडारमध्ये नव्हता, रेडिओतही नव्हता. बंद पडली होती एएमएसएस, म्हणजे ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम. नाव ऐकून काहीतरी किरकोळ वाटतं, निरोप इकडून तिकडे पोचवणारी मशीन, बस. पण जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर जो ठिपका दिसतो तो कुठल्या फ्लाइटचा, कुठून आला, कुठे जाणार, कुठल्या वाटेने, हे सगळं त्या ठिपक्याला चिकटतं ते फ्लाइट प्लॅनमधून, आणि तो प्लॅन येतो या मेसेज सिस्टीममधून. ती गेली की माणसं बसवून प्लॅन हाताने भरावे लागतात. दिल्लीत तेच केलं गेलं, आणि त्या लोकांनी ते नीट केलं, पण हाताचा वेग तो हाताचाच वेग.

अशी बातमी आली की लगेच सगळे म्हणतात, जुनाट सिस्टीम आहेत, फेकून द्या आणि नव्या आणा. मला हे अर्धंच बरोबर वाटतं. गेल्या काही वर्षांतले मोठे बिघाड नीट बघितले तर त्यातले बरेचसे जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात झालेले नाहीत, ते झालेत जुनं आणि नवं जिथे जोडलंय तिथे.

आधी हे जुनं म्हणजे नक्की काय ते बघू. विमानतळ एकमेकांना जे निरोप पाठवतात त्यांचा साचा टेलिप्रिंटरच्या काळातला आहे. जगातल्या विमानतळांना चार अक्षरी कोड असतो, मुंबईचा व्हीएबीबी, नागपूरचा व्हीएएनपी, दिल्लीचा व्हीआयडीपी. त्याला अजून चार अक्षरं लावून आठ अक्षरी पत्ता होतो, मग कुठला मेसेज आधी जायचा ते सांगणारी दोन अक्षरं, त्यात एसएस सगळ्यात वरचं, म्हणजे जिवावरचं संकट. सगळं कॅपिटल अक्षरात. फ्लाइट प्लॅनसुद्धा असाच, एका कंसात कोंबलेल्या ओळी, फ्लाइटचा नंबर, विमानाचा प्रकार, निघायची वेळ, वेग, उंची, वाटेतले पॉइंट, उतरायचं ठिकाण, तिथे जमलं नाही तर दुसरं कुठलं. आता तारा बदलल्या, मशीन बदलल्या, मधलं नेटवर्कसुद्धा बऱ्याच देशांत ईमेलच्या जवळ जाणारं झालंय, पण साचा तोच राहिला. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, सगळं कोरं करकरीत, तरी तिथून लंडन असो वा लातूर, कुठेही प्लॅन पाठवायचा तर तो याच साच्यात पाठवावा लागतो, कारण समोरच्याला तोच कळतो. एकट्याने सुधारून इथे काहीच उपयोग नाही, ही या क्षेत्राची खरी अडचण आहे.

मग करतात काय, तर मधे एक सॉफ्टवेअर बसवतात जे एका साच्यातला मेसेज दुसऱ्या साच्यात करून देतं. त्याला आपण दुभाष्या म्हणू. १५ नोव्हेंबर २०१२ ला फ्लाइट प्लॅनचा साचा थोडा बदलला, सगळ्या जगात एकाच दिवशी, तेव्हा कित्येक देशांनी आतली जुनी सिस्टीम तशीच ठेवून दारात असा दुभाष्या बसवला. स्वस्तात काम झालं, विमानं थांबली नाहीत. त्यात चूक काही नाही, चालू विमानतळ बंद करून तर काम करता येत नाही ना.

पण दुभाष्या चुकला तर काय होतं ते ब्रिटनने २८ ऑगस्ट २०२३ ला बघितलं, आणि ही गोष्ट मला खूप शिकवून जाणारी वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा प्लॅन आला. त्या वाटेवर दोन ठिकाणांची नावं सेम होती, डीव्हीएल. एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्समधलं डोव्हिल, आणि दोघांत अंतर जवळपास ४,००० नॉटिकल मैल, म्हणजे ७,००० किलोमीटरच्या वर. युरोपच्या मध्यवर्ती यंत्रणेतून आलेला प्लॅन ब्रिटनच्या जुन्या सिस्टीमला समजेल असा करायचं काम एका सॉफ्टवेअरकडे होतं. त्याला शोधायचं होतं की हे विमान ब्रिटनच्या हद्दीत कुठे शिरतं आणि कुठून बाहेर पडतं. बाहेर पडायचा पॉइंट मूळ प्लॅनमध्ये लिहिलेलाच नव्हता, म्हणून त्याने पुढचा पॉइंट धरला, डीव्हीएल, आणि मूळ प्लॅनमध्ये ते नाव शोधायला गेलं तर सापडलं अमेरिकेतलं. म्हणजे विमान ब्रिटनमध्ये शिरायच्या आधीच ब्रिटनमधून बाहेर पडलं असा हिशोब निघाला. हे अशक्य आहे हे सॉफ्टवेअरला कळलं, आणि कंट्रोलरला चुकीची माहिती जाण्यापेक्षा आपण बंद पडलेलं बरं, असंच त्याला शिकवलेलं होतं, म्हणून ते बंद पडलं. इथपर्यंत मी त्याला दोष देणार नाही. मग बॅकअपने काम हातात घेतलं, पण बॅकअपमध्ये सॉफ्टवेअर तेच, समोर प्लॅनही तोच, त्यामुळे तोही तसाच बंद. दोन्ही मिळून २० सेकंदसुद्धा लागले नाहीत.

ब्रिटनचं आकाश बंद झालं नाही, कारण सिस्टीममध्ये चार तासांचे प्लॅन आधीच साठवलेले असतात. पण ते चार तास संपायच्या आत बिघाड सापडला नाही आणि मग हाताने प्लॅन भरायची वेळ आली, जिथे ताशी शेकड्यांनी प्लॅन जायचे तिथे जेमतेम ६०. ७ लाखांहून जास्त प्रवासी अडकले. आणि हे सॉफ्टवेअर जुनं नव्हतं बरं का! २०१८ मध्ये आधीचं काढून बसवलेलं, तोवर दीड कोटीच्या वर प्लॅन त्याने बिनचूक हाताळलेले. सेम नाव, मधे न लिहिलेला पॉइंट, हे सगळं एकत्र येणारा प्लॅन तोवर त्याच्यासमोर आलाच नव्हता.

अमेरिकेत ११ जानेवारी २०२३ ला नोटॅमची सिस्टीम गेली. नोटॅम म्हणजे पायलटना द्यायच्या सूचना, अमुक रनवे बंद आहे, तमुक दिवा लागत नाही अशा. मुख्य डेटाबेस आणि बॅकअप डेटाबेस यांचा मेळ बसवताना कंत्राटदाराच्या माणसांकडून फायली चुकून डिलीट झाल्या आणि देशभरातली उड्डाणं काही वेळ रोखून धरावी लागली. इथेही जागा बघा, दोन सिस्टीमच्या मधली. २८ एप्रिल २०२५ ला न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळाची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीन आणि रेडिओ सुमारे ९० सेकंद बंद होते. ते काम काही महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला हलवलेलं, पण रडारचा डेटा मात्र न्यूयॉर्कहूनच एका टेलिकॉम लाइनवरून येत होता. ९० सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण उतरायला येणारं विमान तेवढ्यात कित्येक किलोमीटर पुढे जातं.

नुसतं जुनेपण हाही प्रश्न आहेच, ते मी नाकारत नाही. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५ मध्ये धुक्यात पायलटना किती लांबचं दिसेल ते सांगणारी सिस्टीम बंद पडली, ती विंडोज ३.१ वर चालायची, म्हणजे १९९२ चं सॉफ्टवेअर, आणि ते दुरुस्त करू शकणारी माणसं निवृत्तीला आलेली. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये सांगितलं की एटीसीच्या, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, १३८ सिस्टीमपैकी ५१ आता टिकवणं शक्य नाही. काही ठिकाणी फ्लॉपी डिस्क अजून आहेत. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने यासाठी १२.५ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि ते हवेच होते.

बॅगांचंही असंच. बॅगेच्या टॅगवर १० आकडी नंबर असतो, त्यात एअरलाइनचा तीन आकडी कोड असतो, एअर इंडियाचा ०९८, इंडिगोचा ३१२. ही बॅग कुठे जाणार ते टॅगपेक्षा आधी एका छोट्या मेसेजने बेल्ट चालवणाऱ्या सिस्टीमला कळतं आणि तो मेसेजही टेलिप्रिंटरच्याच वळणाचा. लंडनला हीथ्रोचं टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये उघडलं तेव्हा चाचणीचे मेसेज बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेला फिल्टर काढायचा राहून गेला, त्यामुळे दुसऱ्या एअरलाइनकडून येणाऱ्या बॅगांचे मेसेज पोचलेच नाहीत आणि पहिल्या पाच दिवसांत २३ हजारांहून जास्त बॅगांचा घोळ झाला. टर्मिनल नवं, बेल्ट नवा, सगळं नवं.

म्हणून मला वाटतं पैसे सर्व्हर घेण्यात जेवढे घालतो तेवढेच सांधे तपासण्यात घालायला हवेत. नवी सिस्टीम आधी नुसती शेजारी चालवायची, खरा डेटा तिला द्यायचा पण विमानं जुनीवरच सांभाळायची, दोघींची उत्तरं जुळतात का ते बघायचं, आणि मुद्दाम विचित्र प्लॅन तिच्यावर सोडायचे, सेम नावाचे, अर्धवट, उलटसुलट. बॅकअप वेगळ्या पद्धतीने लिहिलेला हवा, नाहीतर तो त्याच दगडाला ठेचकाळणार. आणि हाताने काम करायचा सराव सोडायचा नाही. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले तेव्हा आपल्याकडे कर्मचाऱ्यांनी पेनाने बोर्डिंग पास लिहून दिले आणि लोक विमानात बसले. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जुन्या साच्याची मुदत आता ठरलीय. फ्लाइट प्लॅनचा सध्याचा साचा २०३४ मध्ये बंद करायचं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलंय, त्याजागी येणाऱ्या नव्या प्लॅनमध्ये विमान कुठल्या क्षणी कुठे असेल हा सगळा मार्ग येऊ शकतो आणि वाटेत काही बदललं तर सगळ्यांना एकदमच कळू शकतं. पण २०३४ पर्यंत काही देश नव्यावर गेलेले असतील आणि काही जुन्यावरच असतील, आणि या सगळ्या वर्षांत प्रत्येक देशाच्या दारात एक दुभाष्या बसलेला असेल. आपल्या दारातला दुभाष्या कोण लिहितंय, त्याची चाचणी कशी होतेय आणि त्याचा बॅकअप खरंच वेगळा आहे का, हे दिल्लीनंतर तरी आपण विचारायला हवं.