ओएई चाचणी

आवाज ऐकताना आंतरकर्ण स्वतःही अतिशय क्षीण आवाज निर्माण करतो. हा आवाज कानाच्या नळीत बसवलेल्या सूक्ष्म मायक्रोफोनने टिपून आंतरकर्णाचे कार्य तपासण्याच्या पद्धतीला ओएई (ओटोअकूस्टिक एमिशन) चाचणी म्हणतात. ‘ऐकू आले’ असे सांगावे लागत नसल्याने दोन दिवसांच्या बाळाचीही ही चाचणी करता येते, आणि तिचे खरे मोल यातच आहे.

आंतरकर्णातील कर्णावर्त ही सुमारे ३५ मिमी. लांबीची, शंखासारखी अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यातील पटलाचा मुळाकडचा भाग उंच स्वरांना आणि टोकाकडचा भाग खालच्या स्वरांना प्रतिसाद देतो. आवाजामुळे या पटलावर उठणारी लाट मृत व्यक्तींच्या कानांत प्रत्यक्ष पाहणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ती लाट इतकी पसरट होती की, जिवंत कान अगदी जवळचे दोन स्वर वेगळे कसे ओळखतो, हे तिच्यावरून उलगडत नव्हते. कानात ऊर्जा पुरवणारी यंत्रणा असली पाहिजे, असे शास्त्रज्ञ टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच मांडले होते. त्याचा पुरावा १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दिला : ‘टिक्’ असा आवाज कानात सोडल्यावर काही मिलिसेकंदांनी कानातून त्याचा प्रतिसाद परत येत होता. ही ऊर्जा पुरवण्याचे काम कर्णावर्तातील बाह्य रोमपेशींचे (केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींचे) असते. एका कानात त्या सुमारे १२,००० असतात आणि आवाजाच्या तालावर लांब-आखूड होऊन पटलाचे कंपन वाढवतात.

चाचणीत असा ‘टिक्’ आवाज तरी वापरतात किंवा दोन स्वर एकत्र देतात. १,००० व १,२०० हर्ट्झचे स्वर दिले, तर निरोगी कानातून ८०० हर्ट्झचा, बाहेरून न दिलेला तिसरा स्वर मायक्रोफोनला मिळतो.

दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवले की काही मिनिटांत तपासणी होते. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात चिकट स्राव असल्यास ‘रेफर’ (पुढील तपासणी हवी) असा निकाल येऊ शकतो. तो बहिरेपणाचे निदान नव्हे, चाचणी पुन्हा करावी लागते. उलट, रोमपेशी शाबूत असून श्रवणचेतेत (कानातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतातंतूत) दोष असल्यास निकाल ‘पास’ येतो. म्हणूनच नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची, मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणीही करणे आवश्यक ठरते.